प्रकल्प संपल्यावर मूल काय सांगते?

प्राथमिक शाळेच्या वर्गात ‘प्रकल्प’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. तिसरी-चौथीतील मुलेही तो सहजपणे उच्चारतात. पानांचा संग्रह, गावातील कारागिरांची माहिती, सणांची चित्रे, धान्याचे नमुने, घरातील पाण्याचा वापर असे नानाविध विषय वर्षभर हाताळले जातात आणि वर्षअखेर शाळेच्या कपाटात वह्यांची चळत साचते. एवढे काम होत असताना एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्या मुलाने हे काम केले, त्याला स्वतःला त्याविषयी काय वाटते? काय जमले, काय फसले, कोणती गोष्ट आधी ठाऊक नव्हती व आता झाली, कोणती अजूनही उलगडलेली नाही, हे त्याच्याच तोंडून ऐकण्याची सोय आपल्या शाळांतून कितपत आहे?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. प्रकल्प मुलाने केला की घरच्यांनी, हे वहीच्या मुखपृष्ठावरून सांगता येणे कठीण असते. शहरांतील व तालुक्याच्या गावांतील स्टेशनरीच्या दुकानांत विषयवार चित्रांचे छापील कागद विकत मिळतात. ते कापून चिकटवावयाचे, वर रंगीत अक्षरांत शीर्षक घालावयाचे आणि भोवती नक्षीदार चौकट आखावयाची, की प्रकल्प पूर्ण होतो. पुष्कळदा हे काम रात्री उशिरापर्यंत आई किंवा मोठी बहीण करीत असते आणि ज्याचा प्रकल्प ते मूल केव्हाच झोपी गेलेले असते. उलट ऊसतोडणीला अथवा मजुरीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलाला कार्डशीटसाठी पैसे मागण्याचीही चोरी होते. त्याची वही साधी, क्वचित पेन्सिलीने भरलेली. पाठांतरावर आधारलेल्या परीक्षेचा जाच कमी व्हावा म्हणून जे साधन शाळेत आणले, तेच या मुलाच्या बाबतीत एक नवी आणि अधिक महाग परीक्षा होऊन बसते. (सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी असली, तरी शालेय प्रकल्पांतील त्याची हौस पुरती फिटलेली दिसत नाही, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.)

मुलाने स्वतः सांगितलेल्या चार वाक्यांना दुकानात पर्याय मिळत नाही. म्हणूनच प्रकल्पाइतकेच, किंबहुना काही बाबतीत त्याहूनही अधिक, महत्त्व त्या चार वाक्यांना द्यावयास हवे.

चौथी पायरी

प्रकल्पपद्धतीचा विचार ज्यांच्या नावाशी जोडला जातो, ते अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो पुढे जगभर गाजला. समाजात राहून, मनापासून व हेतुपूर्वक केलेली कृती म्हणजे प्रकल्प, असा त्यांच्या व्याख्येचा आशय आहे. अशा कृतीच्या त्यांनी चार पायऱ्या मानल्या. प्रथम हेतू ठरविणे, मग आखणी, त्यानंतर प्रत्यक्ष कृती आणि अखेरीस केलेल्या कामाची पारख. किलपॅट्रिक यांनी यासाठी दिलेले उदाहरण अगदी घरगुती आहे. एखादी मुलगी स्वतःसाठी पोशाख शिवते. तो शिवावा असे तिला स्वतःला वाटले, तिने तो बेतला आणि शिवला, तर तो प्रकल्प होय. तयार झाल्यावर तो अंगात घालून कोठे सैल, कोठे तंग हे पाहणारीही तीच असते.

आपल्याकडील वर्गांत या चार पायऱ्यांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. हेतू पाठ्यपुस्तकातील स्वाध्याय ठरवितो. आखणी शिक्षक करून देतात. कृती मूल करते, निदान तशी अपेक्षा असते. पारख करण्याचे काम पुन्हा शिक्षकांकडे जाते व ते गुणांच्या किंवा श्रेणीच्या रूपाने रकान्यात बसते. चारांपैकी तीन पायऱ्या मोठ्यांनी चढावयाच्या आणि शिकल्याचे श्रेय मात्र मुलाच्या नावावर मांडावयाचे, असा हा व्यवहार आहे. पहिल्या दोन पायऱ्या मुलांवर सोपविणे मोठ्या पटाच्या किंवा बहुवर्ग शाळेत अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. एका शिक्षकासमोर दोन-तीन इयत्ता बसलेल्या असताना प्रत्येक गटाने आपापला विषय निवडावा, ही अपेक्षा कागदावरच राहील. चौथ्या पायरीला मात्र अशी मोठी अडचण नाही. त्यासाठी लागतो तो अर्धा तास, एक वहीचे पान आणि ऐकून घेण्याची तयारी.

बोंड, सरकी आणि टकळी

या विचाराचा महाराष्ट्राशी असलेला संबंध कापसाच्या एका बोंडातून चांगला समजतो. जॉन ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रायोगिक शाळा सुरू केली. तेथे स्वयंपाक, सुतारकाम, सूत व विणकाम यांच्या आधारे मुले शिकत. त्या शाळेतील एक हकीगत ड्युई यांनी १८९९ च्या आपल्या व्याख्यानांत नोंदविली आहे. मुलांच्या एका गटाला कापसाची बोंडे दिली होती. हाताने सरकी वेगळी करीत ती अर्धा तास बसली आणि निघालेला कापूस एक औंसही, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमही भरला नाही. आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का घालीत, हे त्या मुलांना निराळे समजावून सांगण्याची मग गरज उरली नाही. सरकी काढण्याचे यंत्र येण्यापूर्वी कापूस इतका मागे का पडला होता, याचे उत्तर त्यांच्या दुखऱ्या बोटांनी दिले होते.

विदर्भातील किंवा खानदेशातील मुलांना सरकी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली, तिने हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा केंद्रबिंदू मानला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यानुसार अभ्यासक्रम आखून दिला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे हस्तव्यवसायाला द्यावी, इतकी मोठी वाटणी त्यात होती. टकळीवर सूत काढणारे मूल आपले तार मोजी. ६४० तारांची एक गुंडी, या हिशेबातून गणित येई. कापसातून भूगोल आणि इतिहास येई. याला समवाय असे नाव होते. पुढे या योजनेचे अनेक ठिकाणी यांत्रिकीकरण झाले, टकळी उरली आणि समवाय हरवला, ही गोष्ट जुन्या पिढीतील शिक्षकांना परिचित आहे. तीत एक गुण मात्र होता आणि तो ध्यानात ठेवावा असा आहे. आपण आज किती व कसे काम केले, हे मुलाला दुसऱ्या कोणी सांगण्याची वाट पाहावी लागत नसे. सूत तुटले की ते त्याच्याच हातात तुटे, आणि का तुटले याचा शोधही त्यालाच घ्यावा लागे.

ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यात तर शाळाच मुलांच्या मागोमाग गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी कुरणशाळा ही त्याची प्रसिद्ध खूण होय. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने परिसरातील प्रश्नांवर आधारलेले प्रकल्प प्राथमिक वर्गांतही करता येतात, हे दाखवून दिले. मुलाच्या अनुभवाला व त्याच्या बोलण्याला वर्गात मान असावा, हा या सर्व प्रयत्नांतील समान धागा आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, तेव्हा हा विचार कायद्याच्या भाषेत उतरला. या अधिनियमाच्या कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांच्याद्वारे शिक्षण, मुलाला भयमुक्त करणे आणि आपले विचार मोकळेपणी मांडण्यास त्याला साह्य करणे, या बाबी एकत्रच सांगितल्या आहेत. त्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती आली आणि आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांत प्रकल्पाला स्थान मिळाले. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगती पत्रकाची कल्पना मांडताना शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाने स्वतःचे केलेले व सोबत्यांनी केलेले मूल्यमापनही त्यात असावे असे म्हटले. थोडक्यात, मुलाचे मत विचारणे ही आता केवळ एखाद्या हौशी शिक्षकाची आवड राहिलेली नाही. मुलाला ते नेमके कसे विचारावयाचे आणि मिळालेल्या उत्तराचे काय करावयाचे, याविषयी मात्र बरीच संदिग्धता आढळते.

एका मनोगताचा नमुना

पुष्कळ प्रकल्पवह्यांच्या शेवटी मनोगत म्हणून काही ओळी असतात. ‘हा प्रकल्प करताना मला खूप आनंद झाला. मला माझ्या शिक्षकांनी मोलाचे मार्गदर्शन केले. या प्रकल्पातून मला खूप माहिती मिळाली.’ एका वर्गातील चाळीस वह्यांत याच ओळी याच क्रमाने असल्या, तर त्या कोणाच्या आहेत हे शोधण्याचे कारण नाही. त्या फळ्याच्या आहेत. आनंद झाला असेलही, पण तो कशाचा हे त्यातून कळत नाही.

याच्याशेजारी दुसरा एक मजकूर ठेवून पाहू. हा मजकूर कोणा एका विशिष्ट मुलीचा नाही. चौथीच्या वर्गाने विहिरींच्या पाणीपातळीचा प्रकल्प केला, तर त्यानंतरचे मोकळेपणाने लिहिलेले मनोगत कसे असू शकेल, हे दिसावे म्हणून तो येथे रचला आहे.

‘आम्ही दोन विहिरींचे पाणी मोजले. दोरीला दगड बांधला आणि हाता-हातावर गाठी मारल्या. पण माझा हात आणि बाईंचा हात सारखा नाही. म्हणून पहिली दोरी वाया गेली. मग पट्टीने मोजून गाठी मारल्या. आमच्या गटाने कठड्यावरून मोजले. दुसऱ्या गटाने जमिनीपासून मोजले. म्हणून आमचे पाणी जास्त खोल आले. आमचे भांडण झाले. मग आम्ही कठडा मोजला तर तो पाऊण मीटर भरला. दर सोमवारी मोजायचे होते. दोन सोमवार राहिले. एकदा सुट्टी होती आणि एकदा आम्ही विसरलो. आलेखात त्या दोन जागा रिकाम्या दिसतात. मी अंदाजाने टिंब काढणार होते. बाई म्हणाल्या, मोजले नाही तर टिंब नाही. मला आधी आलेख येत नव्हता, आता येतो. मळ्यातली मोटर चालू असली की पाणी उतरते असे आम्हाला वाटते. पण आम्ही मोटरची वेळ लिहून ठेवली नाही. आजी म्हणते पूर्वी लहान दोरी पुरायची. किती लहान ते तिला सांगता येत नाही. तेव्हा कोणी मोजले नव्हते.’

या मजकुरात एकही मोठा शब्द नाही. तरीही अनुभवी शिक्षकाला त्यात पुष्कळ काही सापडेल. प्रमाणित एककाची गरज का भासते, हा गणिताच्या पुस्तकातील पाठ येथे एका वाया गेलेल्या दोरीतून समजला आहे. कोठून मोजावयाचे ते आधी ठरविले नाही तर दोन खरी मापेही एकमेकांशी जुळत नाहीत, हे भांडणातून कळले आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी ठराविक काळाने मोजते, तेव्हा ती जमिनीपासून किती खाली आहे हे धरले जाते आणि कठड्याची उंची वजा करावी लागते. चौथीतील दोन गट आपसांत भांडत त्याच नियमापाशी येऊन पोहोचले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

रिकाम्या ठेवलेल्या दोन जागांचे मोल तर त्याहून अधिक आहे. न घेतलेल्या नोंदीच्या जागी अंदाजाचे टिंब ठोकून देण्याचा मोह फक्त मुलांनाच होतो असे नाही. नोंदवह्यांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्या कोणत्याही खात्यातील वाचकाला याचा अधिक खुलासा नको. ‘मोजले नाही तर टिंब नाही’ हा धडा वयाच्या नवव्या वर्षी मिळाला, तर तो पुढे कितीतरी ठिकाणी उपयोगी पडतो. मोटरविषयीचे वाक्य पाहावे. ‘असे आम्हाला वाटते, पण लिहून ठेवले नाही’, असे म्हणणाऱ्या मुलीला तर्क आणि पुरावा यांतला भेद, ते शब्द ठाऊक नसतानाही, कळलेला आहे. तिने निष्कर्ष काढला नाही म्हणून प्रकल्प अपुरा राहिला असे काहींना वाटेल. वस्तुतः प्रकल्प येथेच सर्वांत अधिक पुढे गेला आहे. आजीच्या आठवणीलाही तिने नाकारलेले नाही; तिला माप नाही एवढेच तिने लिहिले आहे.

आता हीच वही गुण देण्यासाठी ‘मांडणी, सजावट, माहितीची पूर्णता’ अशा कसोट्यांवर तपासली तर काय होईल? दोन नोंदी कमी, निष्कर्ष नाही, चित्रे नाहीत. शेजारच्या वहीत मात्र विकत घेतलेल्या जलचक्राच्या रंगीत चित्राखाली छापील माहिती सुवाच्य अक्षरात उतरविलेली. कोणती वही वर ठरेल हे सांगावयास नको.

विचारण्याची रीत

असे मनोगत मागून मिळत नाही. ‘प्रकल्पाविषयी तुमचे विचार लिहा’ असे म्हटले की मुले फळ्याकडे पाहतात. विचार हा शब्दच त्यांना मोठ्या माणसांचा वाटतो. त्याऐवजी लहान व नेमके प्रश्न विचारले तर मुले बोलती होतात. कोणते काम दोनदा करावे लागले? कोठे अडलात, आणि मग काय केलेत? गटात कशावरून भांडण झाले? आधी काय वाटले होते आणि नंतर काय निघाले? पुढच्या वर्षीच्या मुलांना कोणती एक गोष्ट सांगाल? यांपैकी दोन प्रश्न एका वेळी पुरेत. सगळेच विचारले तर त्याचाही एक छापील तक्ता तयार होईल आणि तो भरून घेण्याचे नवे काम शिक्षकांच्या मागे लागेल. शिक्षकांच्या डोक्यावरील माहिती भरण्याचा भार आधीच हलका नाही.

पहिली-दुसरीतील मुलांकडून लेखनाची अपेक्षा करू नये. त्यांनी बोलावे आणि शिक्षकाने, किंवा वरच्या इयत्तेतील एखाद्या मुलाने, ते जसेच्या तसे टिपून घ्यावे. काही मुले चित्र काढून अधिक सांगतात. येथे भाषेचा प्रश्न येतो आणि तो नाजूक आहे. वारली, कोरकू, गोंडी, भिली किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातील मुलाला वाटलेले प्रमाण मराठीत मांडावयास लावले, तर त्याचे अर्धे बळ योग्य शब्द शोधण्यातच खर्च होते आणि उरलेले भीतीत. त्याला घरच्या बोलीत सांगू द्यावे. अनुभव सांगून झाल्यानंतर त्याचे प्रमाण भाषेतील रूप सर्वांनी मिळून तयार करता येते, आणि तो भाषेचाही उत्तम पाठ होतो. पहिल्याच ओळीवर लाल शाईने शुद्धलेखनाची खूण उमटली तर दुसरी ओळ लिहिली जात नाही, हा तर सार्वत्रिक अनुभव आहे. शुद्धलेखन तपासावयाच्या वह्या वेगळ्या आहेतच.

लहान मुलांना आपल्याला काय येते व काय येत नाही, याचा अंदाज उपजत नसतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याबाबतीत बोलका आहे. मुलांना काही वस्तू दाखविण्यात आल्या आणि त्या पूर्णपणे लक्षात राहिल्याची खात्री वाटेपर्यंत पाहण्यास सांगण्यात आले. थोड्या मोठ्या मुलांनी ‘झाले’ म्हटले तेव्हा त्यांना त्या बहुधा आठवत होत्या. अगदी लहान मुलांनीही तितक्याच विश्वासाने ‘झाले’ म्हटले. त्यांना मात्र बहुधा आठवत नव्हत्या. ‘समजले का?’ या प्रश्नाला पहिलीचा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, त्याचे मर्म यात आहे. ते मूल खोटे बोलत नसते. आपले आपण तपासून पाहण्याची सवय त्याला अद्याप लागावयाची असते, आणि ती प्रश्न विचारूनच लागते. म्हणून या वयातील मनोगतावर श्रेणी देणे सर्वथा चुकीचे होईल. आपण चुकलो असे लिहिण्याने गुण कमी होतात, हे एकदा कळले की मूल चुकल्याचे लिहिणे सोडून देते आणि पुन्हा ‘खूप आनंद झाला’ येथे परत येते.

मुलाचे म्हणणे नेहमी गोडच असेल असेही नाही. ‘आमच्या गटात सगळे काम मीच केले’, ‘मला दोरी धरू दिली नाही, मुलगे म्हणाले तू फक्त लिही’, ‘चित्रांना पैसे लागले म्हणून आई रागावली’, अशा ओळी आल्या तर त्या वगळण्याजोग्या मानू नयेत. गटातील मुलींकडे नेहमी लिहिण्याचे आणि मुलांकडे मोजण्याचे काम जाते की काय, हे शिक्षकाला अशाच एखाद्या वाक्यातून कळू शकते. इटलीमध्ये फ्लॉरेन्सजवळच्या डोंगराळ भागातील बार्बियाना येथे फादर लोरेन्झो मिलानी यांच्या शाळेतील मुलांनी १९६७ मध्ये आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. ते पुस्तकरूपाने निघाले आणि मराठीतही ‘प्रिय बाई’ या नावाने आले. शेतकरी-मजुरांची मुले शाळेतून कशी गळतात, याचा हिशेब त्या मुलांनी स्वतः आकडे जमवून मांडला होता. ती मुले वयाने मोठी होती, हे खरे. परंतु शाळेविषयी मुलांना काय वाटते हे ऐकून घेतले तर ते शाळेलाच किती शिकवून जाते, याचे ते उदाहरण आहे.

अधिकाऱ्यांनी व पंचायतींनी काय करावे

शाळाभेटीस येणाऱ्या अधिकाऱ्यांची नजर प्रथम कशावर जाते, यावर शाळेत काय पिकेल हे बरेचसे अवलंबून असते. भिंतीवरील रंगीत तक्त्यांचे कौतुक झाले की पुढील भेटीपर्यंत तक्ते वाढतात. विस्तार अधिकारी किंवा केंद्रप्रमुख यांनी एखाद्या मुलाला जवळ बसवून, ‘यात तुझे काय चुकले होते?’ असे सहज विचारले व उत्तर ऐकून त्याला शाबासकी दिली, तर त्याचाही परिणाम होतो, आणि तो तक्त्यांहून स्वस्त असतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत उत्कृष्ट वह्यांबरोबर दोन-तीन खरीखुरी मनोगतेही वाचली जावीत. मुलाचे नाव मात्र तेथे सांगू नये. घरच्या परिस्थितीविषयी त्याने विश्वासाने लिहिलेली ओळ गावभर होता कामा नये.

प्रकल्पासाठी घरून पैसे मागविण्याची गरज पडू नये, हे पाहणे शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती आहे. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. जुनी वर्तमानपत्रे, पाठकोरे कागद, सुतळी, मोजपट्टी, तराजू, एखादी स्वच्छ बरणी एवढ्या साहित्यावर प्राथमिक वर्गांचे बहुतेक प्रकल्प होऊ शकतात. हे साहित्य शाळेतच ठेवले आणि काम शाळेच्या वेळेतच झाले, तर वही कोणी भरली हा प्रश्नच उद्भवत नाही.

पंचायत सदस्यांचा भाग याहून थोडा निराळा आहे. गावाची विहीर, बाजार, दूध संकलन केंद्र, कुंभाराची भट्टी, पंचायतीचे दप्तर ही मुलांच्या प्रकल्पांची खरी प्रयोगशाळा होय. तेथे मुलांना येऊ द्यावे, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि विहिरीसारख्या जागी एखादा जबाबदार माणूस सोबत द्यावा. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांना मुळीच नेऊ नये. तेथे मोठ्याने मोजावे व मुलांनी लांबून नोंद करावी. मुलांनी मोजलेली पातळी पंचायतीच्या फलकावर खडूने लिहिली गेली, तर पुढच्या सोमवारी मोजावयास विसरण्याचा संभव कमी होईल. मळ्यातील मोटर केव्हा चालते हे मुलांनी विचारले असता शेतकऱ्याच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. हे विचारणे कोणाविरुद्ध नाही, शाळेच्या अभ्यासासाठी आहे, असे सरपंचांनी आधीच बोलून ठेवलेले बरे.

वह्यांचा शेवट काय होतो, हाही विचार करण्याजोगा आहे. बहुतेक वह्या वर्ष संपताच रद्दीत जातात. सजविलेल्या पानांचे तसे झाले तर फारसे नुकसान नाही. परंतु पातळीच्या नोंदी आणि त्यासोबतची मनोगते एका जाड वहीत उतरवून शाळेत जपून ठेवावीत. जून महिन्यात चौथीत आलेल्या मुलांना नवा प्रकल्प सांगण्यापूर्वी ती वही वाचावयास द्यावी. आधीच्या मुलांनी मोटरची वेळ लिहिली नव्हती, हे त्यात त्यांना आढळेल. तो रकाना या खेपेस त्यांना स्वतःच आखून घेऊ द्यावा, आणि दोरी कोठून सोडावयाची हे पहिल्या सोमवारच्या आधी दोन्ही गटांनी मिळून ठरवावे.